लिनक्स रेडमधील मेटाडेटाचे स्थित्यंतर

लिनक्सवरील सॉफ्टवेअर रेडमध्ये अनेक डिस्क एका ॲरेत जोडतात आणि प्रत्येक डिस्कवर एक सुपरब्लॉक असतो. डिस्क कोणत्या ॲरेची, तिचा क्रमांक कितवा, रेडची पातळी कोणती आणि चंक (डिस्कवर सलग लिहिला जाणारा डेटाचा तुकडा) केवढा, ही माहिती, म्हणजेच मेटाडेटा, त्यात असते. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली. नव्वदच्या दशकात कर्नलमधील एमडी ड्रायव्हरमुळे ती महागड्या कंट्रोलरविना लिनक्सवर वापरता येऊ लागली.

त्या काळाचा मेटाडेटा म्हणजे ०.९० ही आवृत्ती. तिचा ४ केबींचा सुपरब्लॉक डिस्कच्या शेवटापासून ६४ ते १२८ केबींच्या पट्ट्यात बसे. डिस्कची सुरुवात मोकळी राहिल्याने मिरर केलेले पार्टिशन बूटलोडरला साध्या पार्टिशनसारखे वाचता येई. शिवाय असा ॲरे कर्नल बूट होतानाच स्वतः ओळखून जोडत असे. ही सोय मोठी होती आणि म्हणूनच ०.९० इतकी वर्षे टिकली.

मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. एका ॲरेत २८ हून अधिक डिस्क घेता येत नसत आणि मिरर किंवा पॅरिटी असलेल्या ॲरेत प्रत्येक डिस्कचे २ टीबीच वापरता येत. २०११ च्या ३.१ कर्नलने ही मर्यादा ४ टीबींवर नेली. आकडे यंत्राच्या स्वतःच्या बाइटक्रमाने लिहिले जात. त्यामुळे वेगळ्या बाइटक्रमाच्या यंत्रावर ॲरे सहज उचलून नेता येत नसे. सर्वांत घातक दोष जागेचा होता. शेवटचे पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत गेले असेल, तर सुपरब्लॉक त्या पार्टिशनचा की अख्ख्या डिस्कचा, हे ठरवता येत नसे.

१.x मालिकेत बाइटक्रम निश्चित झाला आणि डिस्कची संख्या शेकड्यांत गेली. मजकूर एकच, जागा तीन: १.० शेवटी, १.१ अगदी सुरुवातीला, १.२ सुरुवातीपासून ४ केबींवर. २०१० च्या सुमारास एमडीएडीएम या साधनाने नव्या ॲरेसाठी १.२ हेच प्रमाण मानले. प्रश्न उरला जुन्या ॲरेंचा.

त्यांची सुरुवात डेटाने भरलेली असल्याने १.१ किंवा १.२ साठी जागाच नव्हती. १.० मात्र शेवटापासून ८ ते १२ केबींवर बसते आणि ०.९० ने राखलेल्या पट्ट्यात तेवढी जागा मोकळी होती. सुरुवातीला लोक डेटा न हलवता त्याच डिस्कवर ॲरे ‘नव्याने तयार’ करत. हा मार्ग धोक्याचा होता: डिस्कचा क्रम चुकला किंवा चंकचे मूल्य सांगायचे राहिले, की मांडणीच बदले. एमडीएडीएमने चंकचे गृहीत मूल्य ६४ वरून ५१२ केबी केल्यावर तर हा धोका वाढलाच.

पुढे नील ब्राउन यांच्या एमडीएडीएममध्येच ॲरे जोडताना मेटाडेटा बदलण्याचा पर्याय आला. तो फक्त ०.९० वरून १.० वर नेतो. ॲरे आधी थांबवावा लागतो आणि त्याचे सिंक पूर्ण झालेले असावे लागते. लेखनाची नोंद ठेवणारा बिटमॅपही काढावा लागतो. डेटा हलत नसल्याने काम क्षणात होते. रूट ॲरे असेल तर बदल रेस्क्यू डिस्कवरून करावा लागतो. कर्नल १.० आपोआप ओळखत नसल्याने बूटच्या वेळी ॲरे जोडणारे इनिटरॅमएफएस नव्याने बांधावे लागते आणि कॉन्फिग फाइलमधील ०.९० चा उल्लेखही बदलावा लागतो.

जुना सुपरब्लॉक डिस्कवर तसाच राहतो, पण तो जुना दिसत असल्याने सहसा दुर्लक्षिला जातो. तो पुसायचा असेल, तर आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट देऊनच पुसावा.