बालगंधर्वांनी पाया घातला, पडदा उघडलेला मात्र पाहिला नाही

१/ ८ ऑक्टोबर १९६२. पुण्यात मुठा नदीच्या काठी एका नाट्यगृहाची कोनशिला बसवली जात होती. हा मान एखाद्या मंत्र्याला दिलेला नव्हता. कोनशिला बसवणारे होते ७४ वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची ही जन्मकथा. 🧵

२/ २६ जून १८८८ रोजी जन्मलेले नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभारली. त्यांच्या स्त्रीभूमिका आणि नाट्यपदे यांनी महाराष्ट्राला वेड लावले.

३/ त्या वैभवामागे कर्जाचा डोंगरही होता. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. प्रेक्षक चित्रपटांकडे वळला आणि नाटक मंडळ्या एकामागून एक मोडकळीस आल्या. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर दिसले.

४/ नाट्यगृहांचेही तेच झाले. पुण्यातील विजयानंद, भानुविलास यांसारखी नाट्यगृहे कालांतराने चित्रपटगृहे बनली. खाजगी मालकाला ज्यात उत्पन्न दिसे, त्यासाठी तो जागा देई. संगीत नाटकाला हक्काचे घर हवे असेल, तर ते शहरानेच बांधायला हवे होते.

५/ पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झालेली, म्हणजे वयाने लहानच. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. त्यानंतर अवघ्या पंधरा महिन्यांत, त्याच नदीच्या काठी रंगमंदिराचा पाया घातला गेला. घरे सावरत असलेल्या शहराने नाटकासाठीही जागा राखली, हे विशेष.

६/ वास्तूच्या आखणीत पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. लेखक, नट, गायक, पेटीवादक अशा अनेक नात्यांनी रंगभूमी जगलेला हा माणूस. प्रेक्षकाला काय दिसावे, नटाला पडद्यामागे काय लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

७/ बांधकामाला जवळजवळ सहा वर्षे लागली. याच काळात, १९६४ मध्ये, बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले. शरीर मात्र थकले होते. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. वास्तू पूर्ण व्हायला एक वर्षही उरले नव्हते.

८/ उद्घाटनासाठी निवडलेला दिवस होता २६ जून १९६८, बालगंधर्वांची ८० वी जयंती. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते रंगमंदिर खुले झाले. अध्यक्षस्थानी आचार्य अत्रे होते. आत चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत: एक पुरुषवेषातील, एक स्त्रीभूमिकेतील.

९/ संगीत नाटकांपासून शास्त्रीय मैफली, लावणी आणि व्याख्यानांपर्यंत सारे या मंचाने पाहिले. अलीकडे ही वास्तू पाडून नवी उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रंगकर्मींमध्ये तीव्र मतभेद झाले. आधुनिक सोयी हव्यात हे खरेच. परंतु जी जागा बाजारभावाच्या तर्काबाहेर ठेवण्यासाठी बांधली गेली, तिचे मोल कोणत्या हिशेबाने ठरवायचे?

१०/ बालगंधर्वांच्या काळी नाटक मंडळी बुडाली की तिच्याबरोबर तिचा रंगमंचही जाई. १९६८ नंतर मंडळ्या आल्या, गेल्या. मंच मात्र नागरिकांचा राहिला. कर्जात आयुष्य काढलेल्या कलावंताच्या नावाने पुण्याने केलेली ही खरी परतफेड होती.