उसन्या शिदोरीवरचं सदर

आधी साहित्य, मग कृती आणि शेवटी किती जणांना पुरेल याचा अंदाज. पाककृतीचा हा साचा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणीतरी घडवला असेल, हे ध्यानातही येत नाही. तो घराघरांत पोचवला लंडनच्या एका नवशिक्या सदरलेखिकेनं.

इझाबेला मेसन यांचं लग्न १८५६ मध्ये प्रकाशक सॅम्युएल बीटन यांच्याशी झालं. सॅम्युएल 'इंग्लिशवूमन्स डोमेस्टिक मॅगझिन' हे दोन पेन्सचं मासिक चालवत. १८५७ च्या एप्रिलमध्ये इझाबेला त्यात पाककृती लिहू लागल्या. वय एकवीस. धाकट्या भावंडांचा मोठा गोतावळा त्यांनी सांभाळला होता, पण स्वयंपाकघरातला अनुभव बेताचाच. घराण्याच्या स्नेही मिसेस इंग्लिश यांनी त्यांना स्पष्टच कळवलं: ही विद्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासानं येते, तेव्हा चांगल्या पुस्तकांतून निवडून घे.

इझाबेला यांनी तेच केलं. छापील पुस्तकांतून घेतलं, वाचकांनी पाठवलेल्या कृती घेतल्या आणि सगळ्यांना एकच शिस्त लावली. साहित्य सुरुवातीलाच; मग वेळ, अंदाजे खर्च, पदार्थाचा हंगाम. बाजारात जाण्याआधी यादी करणाऱ्या गृहिणीला हवं होतं ते नेमकं हेच.

१८५८ च्या कडक हिवाळ्यात त्यांनी आसपासच्या गरिबांसाठी घरी सूप शिजवून वाटलं. ती कृतीही पुढे पुस्तकात आली. हा पदार्थ मात्र त्यांच्या स्वतःच्या चुलीवरचा.

१८५९ पासून हा मजकूर मासिक भागांत निघू लागला आणि १८६१ मध्ये 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट' हा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ बाहेर पडला. पहिल्याच वर्षी ६०,००० प्रती खपल्या. पुढच्या चार वर्षांत, १८६५ मध्ये, बाळंतरोगानं इझाबेला गेल्या. वय अवघं अठ्ठावीस.

या यशाला एक काळी किनार आहे. एलिझा ॲक्टन या कवयित्रीनं १८४५ मध्येच 'मॉडर्न कुकरी' लिहून प्रत्येक कृतीखाली साहित्याचं माप आणि शिजायला लागणारा वेळ वेगळा काढून दिला होता, तोही स्वतः पदार्थ करून पाहून. इतर लेखक आपल्या कृती बिनदिक्कत उचलतात, अशी तक्रार त्यांनी १८५५ च्या आवृत्तीत केली. १८५९ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. बीटन यांच्या ग्रंथात त्यांच्या कितीतरी कृती आहेत, श्रेय मात्र नाही.

बीटन यांनी खालचं साहित्य वर आणलं आणि गृहिणीची मोठी सोय केली, यात शंका नाही. पण मोजून, करून पाहून लिहिण्याचा मान ॲक्टन यांचा आहे आणि तो त्यांना नाव घेऊन दिला पाहिजे.