परसबागेतील भाजीपाला: हिरमोड का होतो आणि पदरात काय पडते

पहिल्या पावसानंतर हौसेने लावलेली परसबाग दिवाळीपर्यंत हिरवी दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच जागी वाळलेले वेल, खडकाळलेले वाफे आणि एक-दोन वांग्याची झाडे उरतात. असे तुमच्याकडे झाले असेल, तर दोष तुमच्या हाताचा नाही. शेतातील पिकाचे आणि परसबागेचे गणित वेगळे असते, आणि बहुतेक वेळा ते मांडलेलेच नसते. या लेखात आधी तो हिशेब, मग नेहमीच्या अडचणी व त्यांची कारणे, आणि शेवटी या कष्टातून नेमके काय मिळते ते पाहू.

जागा किती घ्यावी?

पाच माणसांच्या कुटुंबासाठी सुमारे २०० चौरस मीटर म्हणजे २ गुंठे परसबाग असावी, असे अनेक पुस्तकांत सांगितलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्यांची शिफारस केली आहे. त्याप्रमाणे पाच जणांना रोज २ किलो, वर्षाला सुमारे ७३० किलो लागतात. भाजीपाल्याचे उत्पादन हंगामाला चौरस मीटरमागे दीड ते दोन किलो धरले, पाऊलवाटेसाठी पाव जागा सोडली आणि वर्षात दोन ते तीन हंगाम घेतले, तर २ गुंठ्यांतून साधारण ४५० ते ९०० किलो भाजी निघू शकते. हिशेब बरोबर आहे, पण तो पूर्ण वर्षभर पाणी आणि रोज दोन-तीन तास माणूस असेल तरच.

म्हणून सुरुवात पाव गुंठ्यावर, म्हणजे २५ चौरस मीटरवर करावी. एवढ्या जागेतून वर्षाला ६० ते ११० किलो भाजी मिळते. घरच्या गरजेचा हा आठ ते पंधरा टक्के वाटा झाला. ऐकायला कमी वाटते, पण हा वाटा कोणता असावा हे तुमच्या हाती आहे. बाजारातून आणल्यावर लवकर कोमेजणाऱ्या पालेभाज्या, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि कढीपत्ता घरी लावा. कांदा, बटाटा, कोबी बाजारातून आणा.

पाण्याचा हिशेब आधी

उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ४ ते ५ लिटर पाणी लागते. २५ चौरस मीटरला १०० ते १२५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे सात-आठ हंडे. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे हंडे कोण आणणार, हा प्रश्न बी विकत घेण्याआधी घरात बोलून घ्यावा. बहुतेक घरांत ते काम बाईच्या डोक्यावर येते. परसबाग मार्चमध्ये वाळते त्याचे खरे कारण अनेकदा कीड-रोग नसून हेच असते.

• जागा उन्हाळ्यात निम्मी करावी. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, एक-दोन मिरचीची झाडे आणि एक पालेभाजीचा वाफा एवढेच ठेवावे.
• वाफ्यावर पालापाचोळा, गव्हाचा भुसा किंवा उसाच्या पाचटाचे दोन-तीन इंच आच्छादन करावे.
• उन्हाळ्यात वाफे जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे खाली ठेवावेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे गादी वाफे करावेत.
• भांडी धुतलेले पाणी केळी व अळूकडे वळवावे. साबण-सोड्याचे किंवा मोरीचे पाणी पालेभाज्यांवर टाकू नये.

वाफा तीन फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. चौरस मीटरला २ ते ३ किलो पूर्ण कुजलेले शेणखत द्यावे. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी व वाळवी येते. दिवसाला निदान पाच-सहा तास ऊन लागणारी जागा फळभाज्यांना द्यावी. अळू, आले, पुदिना अर्धवट सावलीत चालतात. शेवगा, पपई अशी उंच झाडे उत्तर बाजूला लावावीत, नाहीतर थंडीत त्यांची सावली वाफ्यांवर पडते.

नेहमीच्या अडचणी आणि त्यांची कारणे

कोथिंबीर उगवत नाही.
आपण धणा म्हणतो ते फळ असते, त्यात दोन बिया असतात. धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन भाग करावेत, बारा तास भिजवून मग पेरावेत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी वाफा उकरून पाहू नये. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर व पालक लवकर फुलावर येतात. त्या काळात तांदुळजा, माठ, मायाळू घ्यावे.

रोपे उगवून आडवी पडतात.
हा रोपे कोलमडण्याचा रोग आहे. दाट पेरणी आणि सतत ओली माती ही कारणे. बी ओळीत पातळ टाकावे, पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा चोळावा (किलोला ५ ग्रॅम, घरच्या मूठभर बियांना चिमूटभर पुरतो) आणि पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी नाही.

टोमॅटोला फूल येते, पण गळते.
दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे आणि रात्रीचे २१-२२ अंशांच्या वर राहिले की फळधारणा कमी होते. त्यावर फवारणीने उपाय होत नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर ही लागवडीची वेळ साधावी. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडत असेल, तर तो बहुधा रोग नसतो. कधी कोरडे, कधी चिंब अशा पाण्यामुळे फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. पाणी थोडे पण नेमाने द्यावे.

दुधी-दोडक्याच्या वेलाला नुसती फुले, फळ नाही.
सुरुवातीला नर फुले येतात, मादी फुले दहा-पंधरा दिवसांनी. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. ते पिवळे पडून गळत असेल, तर परागीभवन झालेले नाही. नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवावे. वेळ महत्त्वाची आहे. कारले, काकडी, लाल भोपळा व घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात. दुधी व दोडक्याची संध्याकाळी उमलतात. सकाळी दुधीला हात लावून उपयोग नाही.

कारली-दोडकी वाकडी होतात, आत अळ्या निघतात.
ही फळमाशी. क्यू-ल्यूरचा सापळा लावावा, पण त्यात फक्त नर माश्या येतात, त्यामुळे एकट्या सापळ्याने परसबाग वाचत नाही. फळ बोटाएवढे झाले की कागदाची किंवा जुन्या कापडाची पिशवी बांधावी. किडलेली फळे उकिरड्यावर न टाकता दीड-दोन फूट खोल पुरावीत.

वांग्याचे शेंडे मान टाकतात.
शेंडे व फळे पोखरणारी अळी आत असते. सुकलेला शेंडा इंचभर खालून कापून जाळावा किंवा पुरावा. पाच-सहा झाडांवर दर दोन दिवसांनी हे काम करणे सहज जमते. शेतात ते शक्य होत नाही, परसबागेत होते.

भेंडीची पाने पिवळी, शिरा आणखी पिवळ्या.
हा हळद्या रोग, पांढरी माशी तो पसरवते. झाड बरे होत नाही. दिसताच उपटावे, पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पुढच्या वेळी परभणी क्रांती, अर्का अनामिका किंवा फुले उत्कर्षा यांसारखे वाण घ्यावे.

पाने दोऱ्यासारखी बारीक, वेडीवाकडी झाली.
रोगाचा संशय घेण्याआधी पंप आठवा. २,४-डी तणनाशकासाठी वापरलेल्या पंपाने भाजीवर काही फवारले असेल, तर टोमॅटो व भेंडीची पाने अशीच होतात. तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवावा.

माकडे, कोंबड्या, उंदीर.
यावर पक्का उपाय नाही. जुन्या साड्यांचे कुंपण कोंबड्यांना पुरते, माकडांना नाही. जिथे माकडांचा त्रास मोठा आहे तिथे अळू, सुरण, हळद, आले यांचे नुकसान सहसा कमी होते. फळभाजी लावून रोज राखण करण्यापेक्षा ही पिके परवडतात.

दोन गोष्टींत तडजोड नको

पहिली, शेतातले उरलेले औषध परसबागेत मारू नये. कपाशीवर फवारणी झाली, पंपात दोन लिटर उरले, टाकून कशाला द्यायचे म्हणून ते भेंडीवर जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच भेंडी ताटात येते. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर कोणत्या पिकासाठी आणि काढणीच्या किती दिवस आधी वापरायचे ते दिलेले असते. परसबागेत तर एक दिवसाआड तोडणी असते, तिथे हा काळ पाळलाच जात नाही. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास २००५ पासून बंदी आहे. जी भाजी विषमुक्त म्हणून आपण घरी पिकवतो, ती बाजारातल्या भाजीपेक्षा जास्त विषारी होऊ नये.

परसबागेला ५ टक्के निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. ५०० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळावा आणि एकूण १० लिटर द्रावण करावे. त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. मावा थोडा असेल, तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा बोटाने चिरडणे हेही चालते.

दुसरी, कडू दुधी खाऊ नये. दुधी, काकडी, दोडका यांत कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. काही वेलांत ती फार वाढतात. अशा दुधीचा रस प्यायल्याने जोराच्या उलट्या, रक्ताच्या उलट्या व रक्तदाब घसरण्याचे प्रकार घडले आहेत, मृत्यूही झाले आहेत. फोड चाखून पाहावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि फळ फेकून द्यावे. शिजवून, मीठ लावून हा कडूपणा जात नाही. आपोआप उगवलेल्या किंवा जंगली वेलाशी संकर झालेल्या बियांच्या वेलाबाबत विशेष काळजी घ्यावी. कारल्याचा नेहमीचा कडूपणा मात्र वेगळा, त्याची भीती नाही.

एकदम ढीग, मग काहीच नाही

परसबागेतील दुसरी कुरकुर अशी, की मेथी निघाली की आठ दिवस मेथीच आणि मग महिनाभर काही नाही. सगळे बी एकाच दिवशी पेरल्याने हे होते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांचे वाफ्याचे चार भाग करावेत आणि दर दहा-बारा दिवसांनी एकच भाग पेरावा. अंदाजासाठी काढणीचे दिवस असे:

• मेथी: २५ ते ३० दिवस
• पालक: ३० ते ३५ दिवस, पुढे तीन-चार कापण्या
• कोथिंबीर: ४० ते ४५ दिवस
• भेंडी, गवार: ४५ ते ५० दिवस, नंतर एक दिवसाआड तोडणी
• दोडका, दुधी: ५५ ते ६५ दिवस
• मिरची, वांगी, टोमॅटो: पुनर्लागवडीनंतर ५० ते ७५ दिवस

भेंडी दोन दिवस राहिली की जून होते आणि झाडाची पुढची फळे मंदावतात. गावाला जाणार असाल, तर शेजारणीला तोडायला सांगून जा. भाजी तिला, झाड तुम्हाला.

पदरात काय पडते?

पैशांचा हिशेब मोठा निघत नाही. घरातल्यांची मजुरी धरली, तर पाव गुंठ्याची परसबाग तोट्यातही दिसेल. मिळते ते वेगळे. पालेभाजी तोडल्यापासून कोमेजेपर्यंत तिच्यातले क जीवनसत्त्व कमी होत जाते. घरची भाजी वाफ्यातून थेट कढईत जाते. आठवडी बाजार बुधवारी असेल, तर सोमवार-मंगळवारी घरात डाळ-भाकरी उरते. त्या दिवशी जुडीभर तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला मिळणे हा गर्भवती बाई आणि लहान मुलाच्या ताटातला खरा फरक आहे.

दुसरे म्हणजे बी. वाल, घेवडा, चवळी यांचे बी घरी धरणे सोपे आहे. निरोगी वेलावरच्या शेंगा पूर्ण वाळू द्याव्यात, बी राखेत मिसळून डब्यात ठेवावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या कामाची सुरुवात घराच्या अंगणातूनच होते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

उमेद अभियान, अंगणवाडी व शाळांमधून पोषण परसबागा उभ्या राहतात. तिथे लागवडीच्या दिवशी वाफे मोजण्यापेक्षा १५ मार्चला किती वाफे हिरवे आहेत ते मोजावे. बियाण्याचे पाकीट देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: उन्हाळ्यात पाणी कुठून, ते कोण आणणार, आणि घरात कोणती भाजी आवडीने खाल्ली जाते? ज्या घरात पाणी नाही तिथे दोन गुंठ्यांचा आराखडा देऊ नये. एक शेवगा, एक कढीपत्ता, चार मिरच्या आणि पावसाळ्यात दोन वेल एवढी परसबाग सुचवावी. शेवग्याचे कोकण रुचिरा किंवा पी.के.एम.-१ असे वाण लावून दरवर्षी छाटणी केली, तर शेंगा हाताला येतील अशा उंचीवर राहतात आणि पाला बाराही महिने मिळतो.

यंदा नव्याने सुरुवात करणार असाल, तर एक तीन फूट रुंद, दहा फूट लांब वाफा, चार मिरच्या आणि कुंपणावर एक दोडका लावा. तो वर्षभर टिकला तरच पुढच्या वर्षी दुसरा वाफा वाढवा.