वेळेवर मिळालेली गाडी

नवी गाडी नोंदवलेली असते आणि शोरूममधून फोन येतो, "सुरक्षेतल्या दोषामुळे कंपनीनं गाड्या परत बोलावल्यात, डिलिव्हरी लांबेल." आपण चिडतो. पण या उशिरामागे मोठा इतिहास आहे.

१९६५ साली अमेरिकेत राल्फ नेडर यांचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' प्रसिद्ध झालं. अपघाताला चालकाइतकीच गाडीची रचनाही जबाबदार असते, हा त्याचा मुद्दा. पुढच्याच वर्षी तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. आज तिथे परत बोलावलेली नवी गाडी दुरुस्तीशिवाय ग्राहकाला देता येत नाही.

या नियमातली फट टाकाटा प्रकरणात दिसली. या जपानी कंपनीच्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट असे. उष्ण, दमट हवेत ते वर्षानुवर्षं बिघडत जाई. मग अपघातात इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसत. फौजेत दारूगोळ्याच्या एखाद्या लॉटची शंका आली, की आम्ही तो आधी बाजूला ठेवतो. इथे उलटं घडलं. काही कंपन्या तसेच इन्फ्लेटर बसवलेल्या नव्या गाड्या विकत असल्याचं २०१६ मध्ये अमेरिकी सिनेटमधल्या एका अहवालानं उघड केलं. त्या पुढे परत बोलवाव्या लागणार, हे ठाऊक होतं. मुदत आली नव्हती, म्हणून विक्री कायदेशीर!

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

तेव्हा डिलिव्हरी लांबली, तर दोष कोणता ते विचारा आणि दुरुस्तीची लेखी नोंद मागा. टाकाटाच्या त्या गाड्या ग्राहकांना अगदी वेळेवर मिळाल्या होत्या.