तुंबाड : वाडा राहिला, खोत गेले

कऱ्हा नदी सासवडच्या वाड्यांना वळसा घालून निघते, जेजुरीजवळून पुढे सरकते आणि उन्हाळ्यात केवळ नावापुरती नदी राहून आमच्या बारामतीस येते. पुढे सोनगावापाशी ती नीरेला मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या कडेकडेने जाऊन नरसिंहपुरास भीमेच्या पदरात पडते. या कऱ्हेकाठीच आमच्या गावात बाबूजी नाइकांचा वाडा आहे. हे बाबूजी म्हणजे पेशव्यांना कर्ज देणारे सावकार. घरात पेशव्यांची मुलगी सून म्हणून आलेली. आणि १७४० साली थोरले बाजीराव वारले तेव्हा पेशवाईच आपणांस मिळावी म्हणून रघुजी भोसल्यांकरवी खटपट केलेले गृहस्थ. शाहूमहाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली आणि बाबूजींच्या वाट्यास बारामती, कर्जाचे तगादे आणि मोरोपंतांसारख्या कवीला आश्रय देण्याचे पुण्य एवढेच राहिले. सांगावयाचे इतकेच, की पैसा, नाते आणि हाव यांची गाठ वाड्याच्या चौकात कशी पडते हे कळण्यासाठी आम्हां बारामतीकरांना विलायतेस जावे लागत नाही.

याच नदीच्या वरच्या अंगास, सासवडच्या सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्यात, ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण झाले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी लागला, व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा झळकला तेव्हा पहिल्यापेक्षाही अधिक गर्दी खेचून गेला. त्याची बीजे दोन. एक, नारायण धारपांची एक भयकथा. ती बर्वे यांनी पोरवयात, १९९३ साली, नागझिऱ्याच्या रानात एका मित्राच्या तोंडून ऐकली. दुसरे बीज नावाचे. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ साली निघालेल्या दोन खंडी कादंबरीतून ‘तुंबाड’ एवढा शब्द उचलला गेला. ‘खोत’ हा शब्द मात्र मागेच राहिला, आणि माझ्या मते सारी गोष्ट त्या गाळलेल्या शब्दात आहे.

इंग्रजीत ज्याला गॉथिक कादंबरी म्हणतात तिचा उगम होरेस वॉल्पोलच्या १७६४ च्या ‘ओट्रान्टोचा किल्ला’ या पुस्तकात सांगतात. त्या किल्ल्यात भुते आहेत, अंगावर कोसळणारे अजस्र शिरस्त्राण आहे. पण खरी मेख अशी, की तो किल्ला आजोबाने दुसऱ्याचा लुबाडलेला आहे आणि त्याची फेड नातवाच्या घरात होते. भूत हे निमित्त. खर्जातला सूर दस्तऐवजाचा. पडद्यावर येताना नेमका हा खर्ज गळतो. एमिली ब्राँटीच्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (१८४७) दोन पिढ्यांची इस्टेट, वैर आणि सूड आहे. विल्यम वायलर यांनी १९३९ साली चित्रपट केला तेव्हा दुसरी पिढीच कापून टाकली आणि एक अमर प्रेमकथा उरली. (त्यातील नायिका मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईत जन्मलेली, आणि ते तिने जन्मभर लपवले, तिचेच चरित्र अधिक गॉथिक म्हणावे!) आमच्या दिलीपकुमारच्या ‘दिल दिया दर्द लिया’त (१९६६) तर ती कथा हिंदी चित्रपटाच्या सुखान्त वळणावर गेली. प्रेक्षकांचे दुखणे गेले, तसा कादंबरीचा ठणकाही गेला.

‘तुंबाडचे खोत’ ही रूढ अर्थाने भयकथा नव्हे. पेंडसे मुर्डीचे, दापोलीकडचे. त्यांना भुतांपेक्षा माणसांची अधिक धास्ती. जगबुडीच्या काठचे एक घराणे चार पिढ्या उभे राहते, माजते, कोसळते, पुन्हा सावरू पाहते. उन्मत्त आणि सात्त्विक एकाच पंगतीस जेवतात. कोणाचे रक्त कोणात केव्हा उसळेल याचा नेम नाही. हीच तिथली भीती. आणि या साऱ्याच्या पायाखाली खोती आहे.

खोत म्हणजे कोण, हे देशावरच्या तरुण वाचकांसाठी दोन ओळींत सांगतो. खोत गावाचा सारा कुळांकडून गोळा करी, सरकारचा ठरलेला आकडा भरी आणि वरचे आपल्या घरी ठेवी. कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा त्याचा, शिवाय वेठ. १९३३ च्या ऑक्टोबरात अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी नांगर खाली ठेवले. तो संप १९३९ पर्यंत, सहा पावसाळे चालला. मधल्या काळात, १९३७ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणचा शेतकरी मोर्चाने मुंबईत उतरला. कायदा झाला तो १९४९ साली.

आता चित्रपट पाहा. त्याचे तीन भाग आहेत : १९१८, १९३३ आणि १९४७. मधला भाग ज्या सालचा, त्याच साली चरीचा संप सुरू झाला. पडद्यावर मात्र एकही कूळ नाही! वाड्याच्या पोटात एक देवीचे गर्भागार आहे, त्यात तिचा पहिला पुत्र हस्तर, आणि त्याच्या कटिवस्त्रात न संपणाऱ्या सुवर्णमुद्रा. विनायकराव दोरीने उतरतो, पिठाची बाहुली दाखवून त्या शापिताला भुलवतो आणि मूठभर मुद्रा घेऊन वर येतो. हस्तरला सोने मिळाले, पण अन्न मिळू नये असा शाप आहे. कल्पना विलक्षण आहे. अन्नासाठी वखवखलेला देव मी दुसरीकडे पाहिला नाही. परंतु ते पीठ कोणाच्या शेतातले, हे विचारण्यास चित्रपटात जागा नाही. पेंडशांच्या तुंबाडात पैसा माणसांकडून येतो. बर्व्यांच्या तुंबाडात तो देवाकडून येतो. म्हणून पापही बदलते. तिकडे शेजाऱ्याचे देणे आहे, इकडे देवाची चोरी. शेजाऱ्याचे देणे चार पिढ्या फिटत नाही. देवाच्या चोरीचा निकाल दोन तासांच्या आत लागतो.

चित्रपटास मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. साखळदंडात निजवून ठेवलेली ती भुकेली आजी पाहताना माझ्यासारख्या म्हाताऱ्याचेही पाय गार पडले. बापाचा धंदा शिकण्यास उतावीळ झालेला, पायाने अधू असा मुलगा पांडुरंग, आणि त्याला तो शिकवणारा बाप, यांत घराण्याचा शाप हाताहाती कसा जातो ते पुष्कळ पुस्तकांहून नेमके दिसते. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाविषयी तर बोलणेच नको. त्या अखंड पावसासाठी मंडळी कित्येक पावसाळे थांबली. आमच्या इंदापूर-बारामतीकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. त्यामुळे पाऊस हा शाप म्हणून पाहताना आमच्या प्रेक्षकाची जरा पंचाईत होते, हा भाग वेगळा. खेड-दापोलीकडे तो तीन हजारांच्या वर पडतो. तिथे पाऊस म्हणजे शाप नव्हे नि वर नव्हे. जून आला की शाकारणी झाली की नाही, एवढाच प्रश्न.

वास्तूचेही तसेच. कोकणचे खोताचे घर जांभ्याचे, उतरत्या कौलांचे. ओटी, पडवी, माजघर, मागे माड-पोफळी. बाहेरचा माणूस ओटीपर्यंत येतो, म्हणजे घराण्याचे पाप गावाच्या डोळ्यांसमोर घडते. देशावरचा वाडा काळ्या दगडाचा, बुरुजांचा. दिंडी दरवाजा लागला की आत काय चालले ते देवच जाणे. गुपितासाठी सासवडचा वाडा योग्यच. पण त्या भिंती उभ्या केल्या की गाव आपोआप बाहेर पडते.

माझे आजोबा इंदापूर तालुक्यात कूळ होते. ज्यांची जमीन ते कसत त्यांच्या वाड्याचा चौक त्यांनी आतून कधी पाहिला नाही. त्यांना ठाऊक होती ती बाहेरची पायरी, जिच्याखाली उभे राहून धान्य मोजून द्यावयाचे. कूळकायद्याने १९५७ साली जमीन त्यांच्या नावावर झाली, तरी त्या वाड्यावरून जाताना ते पायांतले जोडे हातात घेत. त्यांना वाड्यातल्या भुताची गोष्ट कोणी सांगितली असती तर ते हसले असते. त्यांना वाड्याची भीती वाटे ती मापाची.

कॅमेऱ्याला दगड आवडतो, हे मी घराजवळही पाहतो. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाच्या देवळाचे शिखर, मग खांब, मग पायऱ्या वर येतात. पुण्यामुंबईची मंडळी होड्यांतून जाऊन छायाचित्रे घेतात आणि किती गूढ, किती भीषण म्हणतात. ज्यांची घरे त्याच पाण्याखाली आहेत ती माणसे काठावर चहा विकताना त्या चित्रांत येत नाहीत. मोकळ्या झालेल्या वास्तूला गूढता फुकट मिळते.

यंदा सुटीत आलेल्या नातवाने ‘तुंबाड’ तिसऱ्यांदा पाहिला. लक्ष्मीपूजनाच्या तयारीत घरची माणसे गुंतली होती, तेव्हा त्याने मला विचारले, “आबा, त्या वाड्यात ते ‘सरकार’ म्हणतात तो म्हातारा कोण हो? त्याच्याकडे पहिल्यांदा पैसा आला कुठून?” कपाटातून मी पेंडशांचे दोन्ही खंड काढून त्याच्यापुढे ठेवले. चौदाशेच्या आसपास पाने पाहून त्याचा चेहरा पडला खरा. पण चकल्यांचा डबा जवळ घेऊन तो ओसरीवर बसला आहे, आणि मघाशी पाहिले तेव्हा पहिल्या खंडाची पंचवीसेक पाने उलटली होती.