स्वमग्नता आणि रजोनिवृत्ती: उशिरा विचारलेला प्रश्न

पाळी जाण्याच्या वयात काय काय होते, हे तुम्ही आई-मावशीकडून ऐकले असेल. अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते, विसरायला होते, चिडचिड वाढते. पण ती स्त्री मुळात स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असेल तर? वैद्यकशास्त्राने हा प्रश्न फार उशिरा विचारला. असे का झाले?

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला स्वतंत्र ओळख दिली. त्यात ८ मुलगे आणि ३ मुली होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या डॉ. हान्स आस्पर्गर यांनी चार जणांचे वर्णन केले. ते चारही मुलगेच. मॉस्कोच्या डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२० च्या दशकातच अशा मुलींबद्दल लिहिले होते, पण तिकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. त्यामुळे स्वमग्नता म्हणजे लहान मुलग्यांचा आजार, असा समज रूढ झाला.

कॅनर यांच्या त्या ३ मुलींचा जन्म १९३० च्या दशकातला. म्हणजे १९८० नंतर लवकरच त्यांचे पाळी जाण्याचे वय आले असणार. त्याच १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेला प्रथम स्वतंत्र जागा मिळाली, पण नाव होते ‘शैशवातील स्वमग्नता’!

२०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ७ स्वमग्न व्यक्तींना रजोनिवृत्तीचे अनुभव विचारले. आवाज, स्पर्श जास्त बोचू लागले, माणसांत वावरणे जड झाले, अशा गोष्टी त्यातून पुढे आल्या. शिवाय, याची माहिती डॉक्टरांनाही नसते, ही तक्रार होतीच. ७ जणांवरून सर्वांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण निदान विचारायला सुरुवात झाली.

याचे कारण समजायला अवघड नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूवरही काम करते. ते कमी झाले की झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते. अनेक स्वमग्न स्त्रिया आयुष्यभर प्रयत्नपूर्वक ‘चारचौघींसारखे’ वागत आलेल्या असतात. थकलेल्या शरीराला तो प्रयत्न पेलत नाही.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला असा त्रास होत असेल, तर ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नका. बोलणे अवघड वाटत असेल तर लक्षणे कागदावर लिहून न्या, आणि स्वमग्नतेचा उल्लेख आवर्जून करा. रजोनिवृत्तीच्या त्रासावर उपचार आहेत. ते स्वमग्न स्त्रीलाही मिळायला हवेत.