ट्रिमरबाईंचीं बोलकीं पांखरें

कल्पनेला भिणाऱ्या लेखिकेचें नांव एका कल्पितकथेनेंच राखावें, हा वाङ्मयेतिहासांतील एक मौजेचा योग होय. सारा ट्रिमर (१७४१–१८१०) या इप्स्विच येथें जन्मलेल्या, बारा मुलांच्या माता. १७८६ मध्यें त्यांनीं ब्रेंटफर्ड येथें गरिबांच्या मुलांसाठीं रविवारची शाळा काढली. त्याच वर्षीं त्यांची रॉबिन पांखरांच्या कुटुंबाची कथा प्रसिद्ध झाली. मुक्या प्राण्यांस छळूं नये, हा तिचा बोध. परंतु पांखरें खरोखरच बोलतात असें मुलांस वाटूं नये, म्हणून हीं संभाषणें कल्पित असल्याची सूचना बाईंनीं आरंभींच दिली.

पंचतंत्र ऐकत वाढलेल्या आम्हांस या भीतीचें नवल वाटतें. विष्णुशर्म्यानें कोल्ह्यांच्या मुखीं राजनीति घातली, ती निःशंकपणें. तथापि बाईंस हंसण्याचें कारण नाहीं. १८०२ ते १८०६ या काळांत चालविलेल्या ‘गार्डियन ऑफ एज्युकेशन’मध्यें त्यांनीं परीकथांवर कठोर टीका केली हें खरें; पण मुलांचीं पुस्तकें गंभीर व नियमित परीक्षणास पात्र आहेत, हेंही त्याच नियतकालिकानें दाखविलें. त्यांचे धर्मग्रंथ आज अभ्यासकांपुरते उरले. एकोणिसाव्या शतकभर पुनःपुन्हां छापली गेली ती रॉबिन पांखरांची कथा. मुलांनीं आपली निवड केली होती.